पुरावा वाहून गेला, पेपर उरला : हेझबरोच्या पाऊलखुणा

पेपर वाचायला शिकताना आपल्याला सांगितलं जातं, निष्कर्ष पटला नाही तर मूळ नमुन्याकडे जा. पण नमुनाच समुद्राने नेला असेल तर?

मे २०१३. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरचं हेझबरो (स्पेलिंग वाचून 'हॅपिसबर्ग' म्हणाल, मीही म्हणायचो). लाटांनी वाळू ओढून नेली आणि खालचा जुना गाळाचा थर उघडा पडला. त्यावर लांबट खळगे होते. निक ॲश्टन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये मांडलं की या मानवी पाऊलखुणा आहेत, सुमारे १० लाख ते ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या. आफ्रिकेबाहेर इतक्या जुन्या पाऊलखुणा तोवर मिळाल्या नव्हत्या. आणि साधारण पंधरवड्यात भरती-ओहोटीने त्या पुसूनही टाकल्या.

म्हणजे आज तपासायला उरलंय ते फोटोग्रामेट्रीचं मॉडेल. वेगवेगळ्या कोनांतून भरपूर फोटो काढायचे आणि त्यांतून संगणकावर पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार उभा करायचा, अशी ही पद्धत. इथे मॉडेल हाच पुरावा आहे. म्हणून हा पेपर वाचताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे मोजलंय की मानलंय?

पहिली पायरी, खळग्यांची मापं. जवळपास पूर्ण कडा असलेले खळगे १२, लांबी १४० ते २६० मिमी. हे मोजलेलं आहे. हे खळगे नैसर्गिक झिजेने झाले असतील का, हा प्रश्न लेखकांनी स्वतःच विचारलाय आणि लांबी-रुंदीचं प्रमाण माणसाच्या पावलांशी ताडून पाहिलंय. पेपरचा हा भाग मला सगळ्यात भक्कम वाटतो.

दुसरी पायरी, उंची. पाऊल म्हणजे उंचीच्या साधारण १५ टक्के, असं धरलंय. गणित स्वतः करून बघा : १४० भागिले ०.१५ म्हणजे सुमारे ९३ सेंमी, आणि २६० चे येतात १७३ सेंमी. यावरून गटात मुलं आणि मोठी माणसं दोन्ही होती, असं अनुमान निघतं. मुलं होती हे मला पटतं, कारण फरक मोठा आहे. पण ओल्या गाळात पाऊल घसरतं, उघडा पडलेला खळगा लाटेगणिक झिजतो. कडा १० मिमीने सरकली की उंची सुमारे ६.७ सेंमीने बदलते. त्यामुळे एकेका व्यक्तीच्या उंचीवर मी फार भार टाकणार नाही.

तिसरी पायरी, प्रजाती. स्पेनमधल्या अतापुएर्काहून माहीत असलेला 'होमो अँटेसेसर' काळाच्या दृष्टीने जुळतो. पण हेझबरोला मानवी हाड मिळालेलं नाही. ही शक्यता आहे, ओळख पटलेली नाही. पेपर वाचून नोट्स काढताना हा फरक हमखास गळतो.

माझी मोठी तक्रार मात्र पेपरपेक्षा आपल्या वाचण्याबद्दल आहे. हा थर दिसला कारण किनारा खचतोय. जिथे समुद्राने थर उघडला आणि त्याच दिवसांत कुणी जाणकार तिथून गेला, तिथलाच ठिपका नकाशावर आला. बाकीची मोकळी जागा म्हणजे 'तिथे माणूस नव्हता' असं नाही. धूप इथे उत्खनन करते, नासधूस करते आणि नमुनाही तीच निवडते.

पहिल्या वर्षी मी नदीकाठच्या एका कापाचे चाळीसेक फोटो काढले. एकाही फोटोत स्केल ठेवली नव्हती. पावसाळ्यानंतर गेलो तर तो कापच नव्हता. गाइड काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आता यातून काय मोजणार?"

फील्डवर जाण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून घ्या. हेझबरोच्या टीमकडे त्याचं उत्तर होतं, म्हणून आज मी त्यांच्याशी वाद तरी घालू शकतोय.