व्हीगन मांजराची तब्येत कोण सांगतंय?

तुम्ही व्हीगन आहात आणि घरात मांजर आहे? मग 2023 चा ‘प्लॉस वन’मधला अँड्र्यू नाइट आणि सहकाऱ्यांचा पेपर तुम्हाला दिलासा देईल. 1,369 मांजरांच्या या पाहणीत व्हीगन आहाराने तब्येत बिघडल्याचं दिसलं नाही.

पण त्यात व्हीगन मांजरं फक्त 127. तब्येतीची माहितीही मालकांनीच दिलेली. आता डहाणूत किंवा तलासरीच्या झाईत मोकळं फिरणारं मांजर वाळत घातलेल्या बोंबलांवर ताव मारून आलं, तर मालकाला कुठे कळणार?

मांजराच्या शरीरात टॉरिन पुरेसं बनत नाही. ते कमी पडलं की दृष्टी जाऊ शकते, हृदय कमजोर होतं. विकतच्या चांगल्या व्हीगन खाद्यात ते मिसळलेलं असतं, आपल्या वरणभातात नसतं. त्यामुळे मांजराला वरणभातावर ठेवायला हा पेपर आधार देत नाही.