निषेध मुलांना, सूट मोठ्यांना?

शाळेत मुलांच्या हाती मोबाईल असावा की नसावा, हा प्रश्न आज नाकाडोंगरीसारख्या गावातही घरोघरी आहे. महाराष्ट्रातील दोन गावांनी आपापल्या परीने त्यावर उपाय केला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनीही फोन ठेवायचा.

बान्सीची कळकळ खरी. पण तो निषेध फक्त मुलांना. वडगावचा नियम दीड तासाचाच, तरी तो सर्वांना. म्हणून मला तो थोर वाटतो. घरात एकादशी कशी रुजते? आईवडील ती धरतात म्हणून. स्वतः जेवून लेकराला उपास सांगणारा बाप नियम शिकवत नाही, धाक शिकवतो.

यंत्र सर्वस्वी त्याज्य, असेही नाही. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, त्यातून मुले शिकली. तेव्हा शाळेत यंत्र गुरुजींच्या हाती असावे, मुलाच्या खिशात नको. घरचा निरोप शाळेच्या फोनवरही पोचतो.

आणि घरी? आपल्या गावात भोंगा नसेल, पण हरिपाठाची वेळ तर ठरलेली आहे. तेवढा वेळ आधी आपला फोन खाली ठेवा. मग मुलाला सांगा.

राम कृष्ण हरी!