कोणाच्या हातचे? : आरंभीचे चर्च आणि ‘स्मृतिचित्रे’

मंडळी, मंडईच्या दिवसांत व्याख्यान ठेवणे हे तसे धाडसच. दिवाळी सरली, धान कापणीला आले, गावोगाव मंडई भरते आहे, रात्री नाटक आहे आणि घराघरांत पाहुणे मावत नाहीत. समोर बसलेल्यांतले निम्मे तर कोणाच्या तरी घरचे पाहुणेच असतील. म्हणून आम्ही विषयही पाहुण्यांचाच घेतला. आरंभीच्या ख्रिस्ती चर्चमध्ये धर्मांतर आणि पाहुणचार यांचे नाते काय होते, आणि ते ध्यानात ठेवून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली तर त्यात काय सापडते, हे आज बघायचे आहे.

सानगडीत हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. तर बघा, नारायण वामन टिळक १८९३च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. त्या प्रवासात डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. निघताना त्याने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातून जातो. तेव्हा ही गोष्ट अगदीच परमुलखातली नाही.

आपण धर्मांतराची गोष्ट साधारणपणे कशी वाचतो? एक माणूस असतो, त्याला शंका येतात, तो ग्रंथ वाचतो, वाद घालतो आणि शेवटी त्याचे मत बदलते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र बरेचसे या वळणाचे आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून आम्हालाही ही रीत सोयीची वाटायची. मत बदलले की माणूस बदलला! पण पहिल्या शतकातली कागदपत्रे नीट वाचली तर वेगळेच दिसते. वाद देवाबद्दल सुरू होतो आणि जेवणावर येऊन थांबतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय घ्या. पेत्र हा येशूचा मुख्य शिष्य, जन्माने यहुदी. तो यापो गावी कातडी कमावणाऱ्या एका माणसाच्या घरी उतरलेला आहे. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असलेला हा धंदा, तेव्हाही कमी प्रतीचा मानलेला. तिथे पेत्राला दृष्टान्त होतो. आकाशातून चादरीसारखे काही उतरते, त्यात नाना तऱ्हेचे प्राणी असतात, आणि हे खा असे त्याला सांगितले जाते. तो म्हणतो, निषिद्ध असे आपण कधी खाल्लेले नाही. तेवढ्यात कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीची माणसे दारात येतात. पेत्र त्यांना आत घेऊन मुक्काम करू देतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जातो. कर्नेल्याच्या घरी बाप्तिस्मे होतात आणि पेत्र काही दिवस तिथेच राहतो.

आता गंमत बघा. पेत्र यरुशलेमला परततो तेव्हा त्याचेच लोक त्याला जाब विचारतात. या परक्यांना बाप्तिस्मा का दिलास, असे ते विचारत नाहीत. त्यांच्या घरात जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास कसा, असे विचारतात. देवाने कोणाला जवळ केले ते एक वेळ चालेल, पण त्याच्या घरचे पाणी? हा प्रश्न आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि हा पेत्र पुढे घसरतो. अंत्युखियात तो परक्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमकडची माणसे आली आणि तो भीतीने बाजूला झाला. पौलाने तोंडावर त्याचा दोष काढला, हे पौलाच्याच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. म्हणजे दृष्टान्त झालेला माणूससुद्धा पाहुणे बघून ताट उचलतो.

या चर्चने पाहुणचाराला जो ग्रीक शब्द वापरला, तो ‘फिलोक्सेनिया’. अर्थ परक्यावरचे प्रेम. ग्रीकमध्ये परका आणि पाहुणा या दोघांना शब्द एकच, ‘क्सेनोस’. आपल्याकडे आतिथ्याचे कौतुक काही कमी नाही. पण मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून बघा. अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा ब्राह्मण, अशी तिथे व्याख्या आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी म्हणवत नाही. वैश्य-शूद्र आले तर त्यांना दयेने चाकरांबरोबर जेवू घालावे. कोणी उपाशी परत जात नाही, हे खरे. पण बसायची जागा आधीच ठरलेली आहे. वाढणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली.

म्हणजे पाहुणचार दोन प्रकारचा झाला. एकात आपण वाढतो. दुसऱ्यात आपण जेवतो. पहिल्यात आपले काही जात नाही, उलट पुण्य पदरात पडते. दुसऱ्यात आपली जात जाते. आमचे म्हणणे असे, की आरंभीच्या चर्चमध्ये धर्मांतराची कसोटी या दुसऱ्या पाहुणचारात होती. फिलिप्पै गावची लुदिया आठवा. जांभळी वस्त्रे विकणारी ही बाई बाप्तिस्मा घेते आणि लगेच पौलाला म्हणते, की तुम्ही मला खरोखर विश्वासू मानत असाल तर माझ्या घरी येऊन राहा. वरवर हे आमंत्रण आहे, पण खरे तर ही बाई पौलाची परीक्षा घेते आहे. तुम्ही माझ्या डोक्यावर पाणी घातलेत, आता माझ्या घरचे पाणी प्याल का?

आता ‘स्मृतिचित्रे’कडे येऊ. १९३४पासून हे पुस्तक चार भागांत निघाले. त्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातला विनोद, लक्ष्मीबाईंची निर्मळ भाषा, टिळकांच्या लहरी, नवरा-बायकोची भांडणे, सगळ्याची वाखाणणी झाली, आणि ती रास्तच आहे. पण स्वयंपाकघराचे, सोवळ्या-ओवळ्याचे प्रसंग आले की वाचक हसतो आणि पुढे जातो. आमच्या मते तिथे थांबायला हवे, कारण पुस्तकातले तत्त्वज्ञान त्या स्वयंपाकघरातच आहे.

नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती त्याच्याकडे राहायला येते ती स्वतःची चूल, स्वतःचे पाणी आणि स्वतःचे सोवळे घेऊन. टिळक कवी, पंडित, वादपटू. पण त्यांच्या वादाने ही चूल हलत नाही. ती हलते बाईंच्या स्वतःच्या विचाराने. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात. माणसाने केला असे मनाने घेतल्यावर सर्वांच्या हातचे खायचे ठरवतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम ध्यानात घ्या. आधी ताट, मग तीर्थ. टिळकांचे धर्मांतर पुस्तकापासून सुरू झाले, लक्ष्मीबाईंचे पंगतीपासून. आणि पेत्राच्या गोष्टीशी जुळते ते बाईंचेच.

पण समीक्षा करायची तर उणेही सांगावे लागते. ‘स्मृतिचित्रे’त ही पंगत आपण एकाच बाजूने बघतो, वरून खाली येणाऱ्याच्या. लक्ष्मीबाईंना काहीतरी सोडावे लागले आणि त्यांनी ते हसत सोडले. ज्यांच्या हातचे त्यांनी खाल्ले त्यांना त्या दिवशी काय वाटले, हे आपल्याला त्यांच्या तोंडून कळत नाही. हा बाईंचा दोष नाही, त्यांनी आपली गोष्ट सांगितली. पण वाचणाऱ्याने ही रिकामी जागा बघितली पाहिजे.

आता एक आक्षेप राहतो आणि तो टाळून चालणार नाही. पोटासाठी बाटले, असे आपल्याकडे सहज म्हणतात. हा आरोपही जुनाच आहे. इ.स. ३६२मध्ये रोमन सम्राट ज्यूलियनने गलतियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिले. त्याला जुने देव परत आणायचे होते. त्याची तक्रार अशी, की हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात, म्हणून त्यांचा पंथ वाढतो. मग त्याने प्रत्येक शहरात धर्मशाळा काढायला सांगितले आणि त्यासाठी वर्षाला तीस हजार मापे गहू मंजूर केले. शत्रूची नक्कल करणे ही मोठीच कबुली झाली.

तरीही आक्षेपात तथ्य आहे. पंडिता रमाबाईंचेच बघा. १८८९मध्ये त्यांनी शारदा सदन काढले, तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, पण ब्राह्मण विधवांना आपापले आचार पाळायची, वेगळे शिजवायची मुभा होती. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात, म्हणजे आपल्याच प्रांतात आल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि तिथे पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. जीव वाचले, यात वाद नाही. पण उपाशी पाहुण्याला नाही म्हणता येते का? शारदा सदनातल्या विधवेला ते म्हणता येत होते, कारण तिची चूल तिच्या हाती होती. दुष्काळातून आलेल्या पोरीच्या हाती काय होते? रमाबाईंच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण देणारा कितीही चांगला असला, तरी घेणाऱ्याच्या होकाराचे वजन त्याने स्वतः तपासले पाहिजे.

आरंभीचे चर्चही या पेचातून सुटले नाही. करिंथला श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाला रागावून लिहावे लागले. ‘दिदाखे’ नावाच्या जुन्या नियमपुस्तकात बाप्तिस्मा न घेतलेल्याला प्रभुभोजनाला बसवू नये असे आहे. घर उघडे आणि ताट बंद! टिळकांना ही बोच होती असे आम्हाला वाटते. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर धरला होता.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. आम्ही सातवी-आठवीत असू. शाळेतल्या एका मित्राबरोबर त्याच्या टोलीत गेलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली, त्यात ते घर होते. मित्राच्या मायने लाखोरीच्या डाळीचे गरम वडे ताटलीत पुढे केले. म्हणाली, “घ्या जी, बाबू.” आम्ही म्हणालो, “पोट भरले आहे.” सकाळपासून आम्ही काही खाल्ले नव्हते.

माय काही बोलली नाही. ताटली तिने तशीच खाली ठेवली आणि वर दुसरी झाकली. मित्रही पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही. आमच्या घरी रोवण्याच्या दिवसांत बायांना पोटभर जेवण मिळत असे, आणि आम्ही त्याला माणुसकी समजत होतो. ते जेवण अंगणात मिळत असे, एवढे आम्ही सांगत नसू.

त्या घराने धर्म बदलला होता. बदलायचे आमचे राहिले होते. पुढे आम्ही तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली, समतेवर अनेक तास शिकवले, तरी लुदियाच्या घराची गोष्ट वाचली की ती झाकलेली ताटली दिसते. पुढच्या काळात त्या मित्राकडे आम्ही अनेकदा जेवलो. पण तेव्हा माय नव्हती. तिच्या हातचे राहिले ते राहिलेच.

म्हणून मंडईच्या दिवसांत एवढेच म्हणतो. आपल्या घरी किती पाहुणे जेवले हे आपण दरवर्षी मोजतो. या वर्षी आपण कोणाकडे जेवलो आणि कोणाकडे पोट भरले म्हणून उठलो, तेही मोजून बघा. धर्म कोणताही असो, तो बदलला की नाही हे त्यावरून कळेल.

बोलणे लांबले. प्रश्न असतील तर विचारा, उरलेले जेवताना बोलू.