पाकिटावरची किंमत आणि ताटातली किंमत

मुंबई-गोवा महामार्गावरच्या इतर गावांप्रमाणे माणगावलाही दुकानांच्या दर्शनी भागी वेफर्स, शेव आणि मसालेदार नळ्यांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शाळा सुटली की मुले तिकडे वळतात. आपण शिक्षक मंडळी मग वर्गात फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात ‘चांगले अन्न’ आणि दुसऱ्यात ‘वाईट अन्न’. भाकरी, उसळ, फळे डावीकडे. पुड्या, शीतपेये, शेवया उजवीकडे. शेवटी एक वाक्य ठरलेले असते : बाहेरचे खाणे महाग आणि अपायकारक, घरचे स्वस्त आणि पौष्टिक.

या धड्याचा हेतू चांगला आहे, पण त्यातला हिशेब कच्चा आहे. चलाख विद्यार्थी तो सहज मोडून काढतो. म्हणून या हिशेबाची थोडी झडती घेऊ.

प्रथम पुडीची किंमत. समजा, १० रुपयांच्या पुडीत २५ ग्रॅम वेफर्स आहेत. म्हणजे किलोला ४०० रुपये झाले. बटाट्यात सुमारे तीनचतुर्थांश ते चारपंचमांश पाणी असते, त्यामुळे एक किलो वेफर्सना साधारण चार किलो बटाटे लागतात. बटाटा ३० रुपये किलो धरला तर १२० रुपयांचा माल झाला. उरलेल्या २८० रुपयांत तेल, मीठ, इंधन, वेष्टन, वाहतूक, जाहिरात आणि सर्वांचा नफा आला. येथवर आपला धडा बरोबर आहे.

पण अन्न आपण केवळ वजनासाठी विकत घेत नाही, ऊर्जेसाठीही घेतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियित आहार आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियित आहार दिला गेला. दोन्हींत समोर ठेवलेल्या अन्नातील ऊर्जा, साखर, मेद, तंतू आणि मीठ सारखे ठेवले होते. किती खायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. अतिप्रक्रियित आहारावर माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. हा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. त्याच अहवालात दुसराही एक आकडा आहे आणि तो मात्र क्वचितच सांगितला जातो. रोज २००० किलोकॅलरी पुरवणाऱ्या अतिप्रक्रियित आहाराच्या सामग्रीचा आठवड्याचा खर्च १०६ डॉलर होता, तर अल्पप्रक्रियित आहाराचा १५१ डॉलर. म्हणजे ‘घरचे ते स्वस्त’ हे विधान सर्वत्र खरे नाही. ते खरे नसल्यामुळेच हा प्रश्न गंभीर आहे. ज्याच्या खिशात पैसे कमी, तोच स्वस्त ऊर्जेकडे ढकलला जातो, आणि वाढलेल्या वजनाचा, मधुमेहाचा, औषधांचा खर्च पुढे त्याच्याच घरी येतो. तो खर्च पुडीवर छापलेला नसतो. रिकाम्या पुडीच्या विल्हेवाटीचा खर्चही नसतो. प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेले हे वेष्टन भंगारवाला घेत नाही.

आता आपल्या दोन रकान्यांकडे वळू. पांढरा तांदूळ कोणत्या रकान्यात घालाल? माणगाव हा भाताचा तालुका. पावसाळी पीक तर आहेच, शिवाय डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्याचे पाणी जेथे पोचते तेथे उन्हाळी भातही होते. तेव्हा हा प्रश्न येथे पुस्तकी नाही. १०० किलो भात गिरणीत घातले की साधारण २० किलो तूस, ८ ते १० किलो कोंडा आणि ६५ ते ७० किलो तांदूळ निघतो. कोंडा गुरांपुढे जातो किंवा तेलासाठी विकला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम हातसडीच्या तांदळात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, ०.२१ मिलिग्रॅम असते. गिरणीत सडलेल्या सुरय तांदळात ते ०.०६ मिलिग्रॅम उरते. सुमारे ७० टक्के गेले! जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन यांना सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखी लक्षणे दिसली आणि कोंड्याने ती बरी झाली, ती याच कारणाने. या कामाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले.

गंमत अशी की, ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात हा पांढरा तांदूळ पहिल्याच, म्हणजे अल्पप्रक्रियित गटात बसतो. कारखान्यात किती काम झाले हे ते वर्गीकरण पाहते. कोंड्याबरोबर काय गेले हे त्याच्या चाळणीत अडकत नाही.

गेलेले परत आणण्याचाही खर्च असतो. सरकारी योजनांतील तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळण्याच्या कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च वर्षाला सुमारे २,७०० कोटी रुपये धरला होता. ब-१२ मुळात कोणत्याच तांदळात नसते, म्हणून हे सगळे काही ‘परतफेड’ नव्हे. पण सडताना जे सर्वांत जास्त जाते ते थायमिन या तीन सक्तीच्या घटकांत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मग सगळ्यांनी हातसडीचा तांदूळ खावा काय? वर्ध्याच्या मगनवाडीतून १९३० च्या दशकात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हाच आग्रह धरला होता. त्यात पोषणाचा विचार होता, गावातल्या रोजगाराचाही होता. परंतु घरोघरी उखळ-मुसळाशी पहाटे कोण उभे राहत होते? बाईच. गिरणी आली तेव्हा तिने जीवनसत्त्व नेले, तसे बाईच्या खांद्यावरचे ओझेही उतरवले. ‘घरचे स्वस्त’ म्हणताना आपण तिच्या वेळेची किंमत शून्य धरतो. जी बाई दिवसभर कामावर असते, तिने मुलाच्या हातावर १० रुपये ठेवले तर तिला दोष देण्यापूर्वी हा शून्य खोडला पाहिजे. शिवाय कोंड्यातील तेलामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो, शिजायला इंधन जास्त लागते, आणि त्यातील फायटेटमुळे लोह शोषले जाण्यात अडथळा येतो.

प्रक्रिया मुळातच वाईट, हेही खरे नाही. दक्षिण कोकणातला उकडा तांदूळ पाहा. भात तुसासकट उकडले की थायमिन दाण्याच्या आत मुरते. तोच तांदूळ मग गिरणीत सडला तरी, त्याच तक्त्यांनुसार, ०.२१ मिलिग्रॅम शिल्लक राहते. म्हणजे हातसडीइतके! मुसळाचे कष्ट नाहीत आणि नुकसानही नाही. वालाला मोड आणणे, आंबोळीचे पीठ आंबवणे, मिठात आयोडीन घालणे याही प्रक्रियाच आहेत. म्हणून विचारायला हवे ते असे : या प्रक्रियेत काय गेले, काय आले, कोणाचे श्रम वाचले आणि उरलेला खर्च कोणाच्या माथी पडला?

दोन रकाने पुसून फळ्यावर हे चार प्रश्न लिहावेत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक पदार्थ द्यावा : वेफर्सची पुडी, पोहे, तांदळाची भाकरी, वालाची उसळ. किलोचा भाव त्यांनी काढावा. १०० किलोकॅलरीला आणि १० ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात तेही काढावे. सुक्या वालात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, एवढे सांगितले तर पुरे. प्रथिनांच्या हिशेबात पुडी वालापुढे टिकणार नाही. आणि तक्त्यात एक रकाना अवश्य ठेवावा : ‘हे करायला घरात कोणाला किती मिनिटे लागली?’ तो भरण्यासाठी मुलांना स्वयंपाकघरात जाऊन विचारावे लागेल.