औंधच्या नमस्कारातला उच्छ्वास

सूर्यनमस्काराचं कौतुक निघालं की कणा, पोट, खांदे यांचंच निघतं. मला विचाराल तर औंधच्या नमस्काराची खरी बहार अंग वाकण्याआधी आहे, माणूस हात जोडून नुसता उभा राहून मंत्र म्हणतो तिथं.

औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी आधी युरोपीय बलोपासक सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करत. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते संस्थानातल्या शाळांत नेले. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं पंतांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यातले दहा टप्पे जगभर गेले. मंत्र मात्र पाठांतराची कटकट म्हणून आपल्याकडेच मागं पडला.

मंत्राची घडण ऐकण्यासारखी आहे. ॐ, मग बीजाक्षर, मग सूर्याचं नाव, शेवटी नमः. 'ह्रां' म्हणून बघा. हकार छातीतून हवा उसळवतो, रकार तिला जिभेपाशी आवरतो, आकार हवा तेवढा ताणता येतो आणि अनुस्वाराला ओठ मिटले की उरलेली हवा नाकातून गुणगुणत निघते. ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं यांत फक्त स्वर बदलतो. सहावं 'ह्रः' मात्र मिटत नाही. विसर्गासरशी छाती रिकामी होते.

पुढची चाल तर फारच सुंदर. पहिल्या फेरीत बारा नावं एकेक. दुसरीत दोन-दोन, 'ह्रां ह्रीं मित्ररविभ्यां' अशी, म्हणजे सहा नमस्कार. तिसरीत चार-चार. त्यानंतर बाराही नावं एका माळेत. अंग दमत जातं तसा उच्चार लांबत जातो! धापा टाकत ही माळ म्हणताच येत नाही. आधी थांबावं लागतं, पुरता श्वास घ्यावा लागतो, मग तो पुरवून पुरवून सोडावा लागतो. 'सावकाश करा' असं कुणी सांगत नाही, पण घाई करणाऱ्याची जीभ 'पूषहिरण्यगर्भ'पाशी हमखास अडखळते. ही मांडणी तृचाकल्प, म्हणजे ऋचांसह घालायच्या नमस्कारांतली, पंतांच्या आधीची. ती त्यांनी गाळली नाही, यात त्यांचा कान दिसतो. हा राजा कीर्तनंही करायचा, हे विसरू नये.

बीजाक्षरांचा वेगवेगळ्या अवयवांवर परिणाम होतो असं पंत सांगत. ते मला पटत नाही. पण उच्छ्वास लांबला की व्हेगस नसेचा अंमल वाढतो आणि हृदयाची गती उतरते, एवढं पक्कं. इटलीतल्या लुचानो बर्नार्डींच्या गटानं २००१ मध्ये मेरीमातेची लॅटिन जपमाळ आणि मणिपद्माचा तिबेटी मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. मेरीमाता काय नि मणिपद्म काय, फुप्फुसाला त्याचं सोयरसुतक नसतं.

मंत्र संपला की मग अंग वाकतं. छाती उघडली की पूरक, म्हणजे श्वास आत; पोट दुमडलं की रेचक, म्हणजे बाहेर. साष्टांगात कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे, दोन पावलं जमिनीला, आणि पोट तेवढं अधांतरी. इथं क्षणभर श्वास थांबतो. ही जागा बहुतेक जण खाऊन टाकतात.

रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर शिट्टीच्या तालावर झपाझप नमस्कार पडतात. व्यायाम म्हणून उत्तमच. लांब उच्छ्वास मात्र तिथं एकट्या शिट्टी फुंकणाऱ्या सरांच्या वाट्याला येतो.