रेघ चुकली, हे कोण म्हणणार?

२००७-०८च्या सुमारास शिल्पा गुप्ता यांनी शंभर जणांना एकच काम दिलं: आठवणीतून आपल्या देशाचा नकाशा काढा. आलेल्या शंभर रेघांपैकी एकही दुसरीवर नीट बसत नाही. एका मांडणीत त्या साऱ्या बाह्यरेखा कार्बन लावून एकाच कागदावर उतरवल्या आहेत. दुसरीत त्यांची वही टेबलावर ठेवलेली असते आणि पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटत राहतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा छापला, तर १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या हिशेबानं ही वही म्हणजे शंभर संभाव्य गुन्ह्यांची नोंदवही, असं गमतीनं म्हणता येईल.

जे. जे.मध्ये शिल्पकला शिकलेल्या या चित्रकर्तीचं हे काम मला नकाशा-कलेतल्या मोजक्या खऱ्या कामांपैकी एक वाटतं. कारण त्यात चूक हाच ऐवज आहे. शाळेत भूगोलाच्या तासाला गिरवून गिरवून पाठ केलेला आकार हातात किती उरतो आणि किती निसटतो, हे तिथं उघड दिसतं. नकाशावर आधारलेल्या आजच्या बहुतेक कलाकृतींबद्दल मात्र असं म्हणवत नाही. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ‘सीमा पुसट होतात’, ‘रेषांना प्रश्न विचारले जातात’ अशी वाक्यं छापलेली असतात. भिंतीवर सुंदर, महागडा, कुणालाही न दुखावणारा जगाचा नकाशा टांगलेला असतो. तो बरोबर की चूक, असा प्रश्नच त्याला लागू होत नाही. दालनाबाहेर, जंगलात, कोळीवाड्यात आणि पंचायतीत मात्र नकाशाचं सारं राजकारण याच प्रश्नावर चालतं: ही रेघ चुकली, असं म्हणायचा हक्क कोणाचा?

आपल्याकडे नकाशा आला तो हुकूम म्हणून. १७६७मध्ये सर्वेक्षण खातं सुरू झालं, १८०२मध्ये लॅम्बटननं मद्रासजवळ पायारेषा आखली, पुढं राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड करून जगातलं सर्वांत उंच शिखर ठरवलं आणि त्याला नाव मिळालं ते त्यांच्या निवृत्त साहेबाचं. हा इतिहास आता बराच सांगून झाला आहे. त्याआधीही मोडीत गावं, नद्या, किल्ले लिहिलेले मराठी नकाशे होते. शत्रुंजयाला जाता न येणारे जैन भाविक कार्तिकी पौर्णिमेला त्या डोंगराच्या पटासमोर उभं राहून यात्रा पुरी करत, आजही करतात. म्हणजे नकाशा आणि चित्र यांची फारकत आपल्याकडे तशी अलीकडची.

ती फारकत सर्वांत धारदारपणे दिसली १९४७ साली. सिरिल रॅडक्लिफनी पाचेक आठवड्यांत आखलेली रेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य साजरं झाल्यावर, जाहीर झाली. अलीगढला जन्मलेल्या झरिना हाशमी यांच्या ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) या लाकूडठशात तीच एक काळी, खडबडीत रेघ कागदभर वळवळत जाते. ना गावांची नावं, ना नद्या, ना दिशादर्शक बाण. झरिना गणित शिकलेल्या होत्या, मोजमापाची त्यांना चांगली समज होती. म्हणून त्यांनी काय काय गाळलं, याला वजन येतं. लाकूड कोरताना रेघेच्या आजूबाजूचं सगळं खरवडून काढावं लागतं, तेव्हा कुठं रेघ उठून दिसते. फाळणीवर पानंच्या पानं लिहिली गेली, पण तंत्र आणि आशय असे एकजीव झालेलं दुसरं चित्र मला सहज आठवत नाही. त्याच वर्षीच्या ‘ॲटलास ऑफ माय वर्ल्ड’मध्ये त्या उर्दू अक्षरांत आपलं जग मांडतात, तेव्हाही नकाशा भावुक होत नाही.

त्यापुढच्या पिढीत रीना सैनी कलाट यांचं ‘वोव्हन क्रॉनिकल’ खूप गाजलं. विजेच्या तारांनी विणलेला भिंतभर जगाचा नकाशा, त्यावर स्थलांतराचे मार्ग. डोळ्यांना ते थक्क करतं यात वाद नाही. पण उसाच्या मळ्यांसाठी नेलेला गिरमिटिया मजूर, आखातात गेलेला वेल्डर आणि बोटीतून पळालेला निर्वासित हे एकाच भिंतीवर रंगीत तारा होऊन बसले की त्यांच्यातला फरक कुठं जातो, हे मला त्या कामात सापडत नाही. शिल्पा गुप्तांचंच ‘१:१४.९’ याच्याशी ताडून पाहावं. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाची लांबी एका ठरलेल्या प्रमाणात सुतानं मोजून हातानं गुंडाळलेला एक गोळा. शीर्षकातच प्रमाण आहे, खालच्या फलकावर मैलांचा आकडा आहे. कुणाला वाटलं तर तो उलगडून मोजावा आणि चूक काढावी. दिसायला अगदी क्षुल्लक, आणि म्हणूनच अंगावर येणारा.

परदेशातही हीच विभागणी दिसते. उरुग्वेच्या तोरेस-गार्सियानी १९४३मध्ये दक्षिण अमेरिका उलटी काढली. धाडस मोठं होतं, पण आज ते चित्र बहुतेक ठिकाणी घोषवाक्याइतकंच उरलं आहे. १९७३मध्ये आर्नो पेटर्सनी बॉनला पत्रकार परिषद घेऊन ‘न्याय्य’ जगाचा नकाशा मांडला. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. हे सांगणं गरजेचंच होतं. पण पेटर्सच्या नकाशात देशांचे आकार ताणले गेले, नकाशाशास्त्रज्ञ भडकले, आणि चूक दुरुस्त करायची तर नवी चूक पत्करावी लागते हा खरा मुद्दा भांडणात हरवला. इटलीचे अलिघिएरो बोएत्ती १९७१पासून काबूलच्या स्त्रियांकडून जगाचे नकाशे भरतकामात करवून घेत होते. प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात. एकदा समुद्र गुलाबी होऊन आला. पुढं समुद्राचा रंग बोएत्तींनी त्या बायकांवर सोपवला. राष्ट्रांचे रंग ठरलेले आणि पाण्याचा रंग भरतकाम करणारीच्या मर्जीचा, ही गोष्ट मला कलाकाराच्या मूळ कल्पनेपेक्षा मोठी वाटते. त्या बायकांपैकी बहुतेकींची नावं मात्र कुठं दिसत नाहीत. मोना हातूम यांनी १९९६मध्ये जेरुसलेमला नाब्लुसच्या साबणाच्या दोन हजारांहून जास्त वड्या जमिनीवर मांडल्या आणि ऑस्लो करारानं पॅलेस्टिनींना मिळणार असलेल्या तुकड्यांच्या सीमा त्यांत लाल मणी दाबून आखल्या. पाहणारा तिथला होता, त्याला साबण ओळखीचा होता आणि कुठला मणी कुठल्या गावाभोवती हेही कळत होतं.

या साऱ्यांपेक्षा पुढं गेलेलं काम पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात झालं. ग्रेट सँडी वाळवंटातल्या मूळ रहिवाशांनी भूमिहक्काचा दावा केला होता. न्यायाधिकरणापुढं इंग्रजीत साक्ष देणं जमेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपली भूमी रंगवून दाखवू. १९९६मध्ये एक कापड रंगवलं, ते पुरेसं वाटलं नाही. १९९७मध्ये दुसरं, आठ मीटर बाय दहा मीटरचं. चाळीसहून अधिक जणांनी पाणवठे, टेकड्या आणि पूर्वजांच्या वाटा आपापल्या हद्दीत रंगवल्या. न्यायाधिकरण आलं तेव्हा माणसं त्या नगुर्रारा कापडावर चालत आपापल्या पाणवठ्यापाशी उभी राहिली आणि स्वतःच्या भाषेत बोलली. निकाल २००७मध्ये लागला आणि सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटर भूमीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. ते कापड पुढं कलादालनांत गेलं, तिथंही त्याचं कौतुक झालं. पण त्यातली कुणाची रेघ शेजाऱ्याच्या पाणवठ्यात शिरली असती, तर शेजाऱ्यानं तिथंच हरकत घेतली असती. बारकावा आला आहे तो या हरकतीच्या शक्यतेमुळं.

आपल्याकडे याच्या जवळचं काम गडचिरोलीत झालं, पण ते कलेच्या चर्चेत कुणी आणलं नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक दाव्यासाठी गावानं आपल्या जंगलाची हद्द ओळखता येतील अशा खुणांसह दाखवायची असते. नाला, टेकडी, देवस्थान, शेजारच्या गावाची शीव. २००९मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक. अशा दाव्यात शिवारफेरी लागते, म्हाताऱ्यांना बरोबर घ्यावं लागतं, शेजारच्या ग्रामसभेशी बसावं लागतं. पुढं उपग्रहाच्या चित्रांवर बोट ठेवून अनेक ठिकाणी दावे फेटाळले जाऊ लागले, तेव्हा २०१२च्या नियमांत स्पष्ट लिहावं लागलं की उपग्रहचित्र इतर पुराव्याला जोड देऊ शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. आभाळातून दिसणाऱ्या चित्राला तरी चूक म्हणता येतं की नाही, याचं हे कायद्यानं दिलेलं उत्तर.

सीमाभागाचंही एक वाक्य इथं यायला हवं. बेळगावचा वाद भाषेचा आहेच, पण तो नकाशाच्या प्रमाणाचाही आहे. आंध्र-मद्रासच्या वादात पाटसकरांनी गाव हा घटक धरला, महाराष्ट्र तोच निकष मागत आला. १९६७च्या महाजन अहवालानं मात्र बेळगाव शहर पलीकडेच ठेवलं. घटक बदलला की रेघ बदलते. इतक्या वर्षांच्या सभा, मोर्चे, निवडणुका आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयातली लढाई, तरी गावाच्या मापानं या सीमेकडे पाहणारं एखादं ठळक दृश्यकाम माझ्या पाहण्यात नाही. आपल्या चित्रकारांना वाघा दिसतो, निपाणी दिसत नाही.

मुंबईत हे अंतर आणखी ठसठशीत झालं. २०१५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वास्तू आणि प्रार्थनास्थळं भलत्याच रंगात. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्यानं करायला लावला. चुका आधी विद्यमान भूवापराच्या नकाशातच शिरल्या होत्या, आणि त्या दाखवून देण्याचं काम नागरिक संघटनांनी व वस्त्यांमध्ये बैठका घेणाऱ्या ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’सारख्या मोहिमांनी केलं. लोक आराखड्याचा कागद पसरून आपलं घर शोधत होते. या शहराला हे नवं नाही. १९८५मध्ये भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्यांची गणना ‘स्पार्क’नं केली, तेव्हाही मुद्दा हाच होता की जो कागदावर नाही त्याला उठवणं सोपं जातं. पाण्यावर तर कागदच नसतो. सागरी किनारा रस्त्याच्या खांबांमधून वरळीच्या होड्या जाणार कशा, हा प्रश्न कोळी बांधवांनी लावून धरला आणि अखेर एक खांब वगळून साठ मीटरचं अंतर एकशेवीसवर न्यावं लागलं. त्यांची मागणी त्याहून मोठी होती. भरती-ओहोटी, खडक आणि वारा यांचा जो नकाशा त्यांच्या डोक्यात आहे, तो अभियंत्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता.

गोव्याची गोष्ट सर्वांत वळणाची. २००६मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर २००७च्या जानेवारीत रद्द झाला. हिरव्या टेकड्या कुठं निवासी दाखवल्या आहेत, हे लोकांना नकाशावरूनच कळलं. मग चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालच्या कृतिदलानं ‘प्रादेशिक आराखडा २०२१’चा मसुदा केला आणि गावनिहाय नकाशे पंचायतींकडे धाडले. गावोगाव लोकांनी शेतं, झरे, खाजन जमिनी तपासून दुरुस्त्या सुचवल्या. चूक काढायचा हक्क इतक्या रीतसर लोकांच्या हाती आल्याचं दुसरं उदाहरण देशात शोधावं लागेल. २०१२मध्ये सरकार बदललं आणि तो आराखडा स्थगित झाला.

२०२३मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यात ‘अनवधानानं’ राहिलेल्या चुका दुरुस्त करायची त्यात तरतूद आहे. अर्ज भूखंडाच्या मालकानं करायचा. शेतजमीन, बागायत, टेकडीचा उतार निवासी क्षेत्रात न्यायला ही वाट मिळाली, असं म्हणत गोव्यातल्या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. २००८मध्ये गावांनी चूक हा शब्द ज्या अर्थानं वापरला, त्याच शब्दाला इथं नेमकं उलटं काम लागलं होतं. त्या वेळचे गावनकाशे, त्यांच्यावरच्या खुणा, सोबत जोडलेले अर्ज आणि १७(२)खालचे भूखंडनिहाय नकाशे एका भिंतीवर समोरासमोर लावायला कोणत्याही प्रतिभावान मांडणीकाराची गरज नाही. त्यासाठी पंचायतींच्या कपाटांतून कागद मिळवावे लागतील, आणि फलकावर चित्रकाराच्या नावाच्या जागी सर्व्हे क्रमांक लिहावे लागतील.