गिरणगावाचा विस्मृत इतिहास : मौखिक साक्षींचे सामर्थ्य आणि मर्यादा

मुंबईच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास बहुधा दोन घटनांच्या चौकटीत मांडला जातो. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली पहिली कापडगिरणी हा त्याचा आरंभ आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप हा त्याचा शेवट, असे गृहीत धरले जाते. मधल्या सव्वाशे वर्षांतील दैनंदिन जीवन मात्र या चौकटीबाहेरच राहते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) हा ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कामगार, कार्यकर्ते, कलावंत आणि रहिवासी यांच्या साक्षींतून तो गिरणगावाला स्वतःचा आवाज मिळवून देतो.

या पद्धतीचे सामर्थ्य स्त्रियांच्या संदर्भात विशेषत्वाने जाणवते. कोकण व घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची नोंद कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. त्यांच्या श्रमावर उद्योग चालत असूनही त्या 'कामगार' ठरल्या नाहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, तेव्हा या श्रमास संघटित रूप आले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकातही संपोत्तर पडझडीचा भार घर सांभाळणाऱ्या आईवरच येतो. इतिहासाने वगळलेले नाटकाने टिपले, ही बाब अर्थपूर्ण आहे.

तथापि, मौखिक साक्षीला मर्यादाही आहेत. पराभवानंतर सांगितलेली आठवण गतकाळातील एकजुटीला अधिक उजळ करते. प्रत्यक्षात ही एकजूट अभंग नव्हती. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला होता. येथे अन्याय करणारा केवळ मालक नव्हता. सहकारी कामगारही होता. म्हणूनच ही गोष्ट विसरणे अनेकांच्या सोयीचे ठरले.

यावरून असे दिसते की, विस्मृती ही केवळ कागदपत्रांच्या अभावातून निर्माण होत नाही. हजेरीपट खानावळवालीला वगळतो, तर एकजुटीचे स्मरण विणकाम खात्याच्या बंद दाराला वगळते. पहिल्या उणिवेवर मौखिक साक्ष हा उपाय आहे. दुसरीसाठी त्या साक्षीचीच चिकित्सा आवश्यक ठरते. स्थानिक इतिहासाचे संकलन करणाऱ्या महाविद्यालयीन प्रकल्पांनी आठवणी नोंदवून थांबू नये. सांगणाऱ्याचे खाते, जात आणि लिंग कोणते, तसेच त्याच्या कथनात कोण अनुपस्थित आहे, हेही नोंदवावे. अन्यथा विस्मृतांचा इतिहास लिहितानाच नवे विस्मृत निर्माण होतील.